मावशीचा पाय, मावशीचं पोट

९ मार्च, सोमवार

आज मावशीने पाय टेकला. पूर्ण टेकला!

शाळेत आमच्या बाई उद्गारचिन्हावर लाल रेघ मारायच्या, तेव्हापासून मी ते चिन्ह वापरत नाही. आज वापरलं. ऑफिसची डायरी दर वर्षी मिळते आणि कोरीच रद्दीत जाते. आज उघडली, कारण ही गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. घरात सासरे आहेत. पण आम्हा दोघांना बोलायची सवय नाही. मधे बोलणारे आमचे हे होते.

मावशी ही आमची घोडी. यांनी तिचं नाव कधी ठेवलंच नाही. तोडीवरच्या माणसांनी ठेवलं, कारण ती सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांवर डाफरणारी. उतारावर तोडलेले ओंडके साखळीने ओढून खाली आणायचे हे तिचं काम. यांचंही तेच.

जानेवारीच्या शेवटी हे गेले. उतारावर काम करता करता छातीत दुखलं म्हणून एका खोडावर बसले, ते बसलेच. मावशीच्या साखळीला मोठा ओंडका होता आणि तो खाली घसरू पाहत होता. तिला कुणी चल म्हटलं नाही, म्हणून ती हलली नाही. माणसं शोधत येईपर्यंत ओंडका धरून उभी होती. त्यातच डाव्या पुढच्या पायाची शीर दुखावली. महिनाभर तीन पायांवर काढला बिचारीने. गेल्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दुखणं कमी करायची पावडर सुरू केली. रोज सकाळी एक पुडी दाण्यातून. आठवड्याने अर्धी करायची, मग बंद. जोडीला विश्रांती आणि गार पाण्याची धार.

आणि आज पाय टेकला. मी बादली तिथेच टाकून घरात धावले. बाबा खिडकीशी बसले होते. म्हटलं, "बाबा, टेकला."

ते म्हणाले, "पाहिलं."

बस. एवढंच. पण मला दिवसभर गुदगुल्या झाल्यासारखं वाटतंय.

१२ मार्च, गुरुवार

पुडी पोटात घालायची युक्ती सापडली. नुसती दाण्यात मिसळली तर बाईसाहेब दाणा खाऊन पावडर तळाशी नीट ठेवून देतात. आता गाजर किसून, ओलं करून त्यात कालवते. चाटूनपुसून खाते.

दुपारी मुकादम आले. लाकडाच्या रोपवनाचं सगळं कामकाज त्यांच्याकडे असतं. हे गेल्यापासून दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा चपला बघत बोलले. आज मावशी अंगणात चालताना पाहिली आणि एकदम माणसात आले.

"अहो, ही तर चालायला लागली!"

"हो."

"वरच्या उताराची तोड महिनाअखेरीला सुरू होते. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. मी दुसऱ्या घोडेवाल्याला विचारणार होतो." मग म्हणाले, "पण हिला हाकणार कोण, हा प्रश्नच आहे म्हणा."

"मी," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. कुठून आलं माहीत नाही. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. आयुष्यात सायकलसुद्धा नीट चालवली नाही. मुकादम हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "अठ्ठावीसला शनिवार आहे. येऊन बघतो. चालली तर उतार तुमचा."

यांच्यानंतर पहिल्यांदा मला काहीतरी हवंय. तो उतार हवाय. मी तिथे अजून गेले नाही. गेले तर मावशीबरोबर, कामाला, अशीच जाईन. फुलं घेऊन नाही.

रजा वाढवून घेतली.

१५ मार्च, रविवार

आज लगाम लावून, मागे उभं राहून हाकायला शिकायचं ठरवलं. मावशी ढिम्म. "चल" म्हटलं. "चला" म्हटलं. गोडीत, रागात, विनवून, सगळं झालं. कान मागे करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे साहेब नव्या शिपायाकडे बघतात.

कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, अर्ज करा लेखी!"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. जिभेचा, टाळ्याला लागून. टक्, टक्. दोनदाच. मावशी लगेच चालायला लागली आणि मी लगाम धरून मागे धावत सुटले.

बाबा होते. आयुष्यभर करवतींना धार लावली त्यांनी, घोड्याच्या वाटेला कधी गेले नाहीत. पण ही खिडकी रस्त्यावर आहे आणि हे रोज सकाळी इथूनच मावशीला घेऊन निघत. मी त्या वेळी ऑफिसला गेलेली असायची. मला तो आवाज माहीतच नव्हता.

संध्याकाळपर्यंत मला जमायला लागलं. टक्, टक्, आणि एवढं मोठं जनावर निघतं! जीभ सोलवटली आहे. जेवताना झोंबत होतं. बाबांचं ताट झाकून त्यांच्या खोलीत ठेवलं. ते खिडकीशी जेवतात, मी ओट्याशी उभ्याने. तशीच सवय पडून गेलीय.

१७ मार्च, मंगळवार

मावशी हसते! खरंच. मान उंच करते, वरचा ओठ वर वळवते आणि सगळे दात दाखवते. आज सकाळपासून तीनचार वेळा. खाऊन झालं की दातांवर दात घासत, समाधानाने काहीतरी चघळत उभी राहते. पाय तर असा टाकते की आजारी कोण होतं विचारावं.

आठवडा होऊन गेला, अर्धी पुडी करायची होती. पण इतकं छान चाललंय, त्यात हात कशाला घालायचा? अठ्ठावीसनंतर करीन.

बाबा दुपारी तबेल्यात जायला लागले आहेत. पत्रा कुठे वाजतो ते बघायला, म्हणाले. बरं आहे. तेवढेच घराबाहेर पडतात.

२० मार्च, शुक्रवार

पुड्या आणायला गेले होते. औषधांचं दुकान एकच आहे, उजवीकडे माणसांची कपाटं, डावीकडे जनावरांची. दुकानदार म्हणाला, "आजोबा परवाच येऊन गेले की."

त्यांच्या गुडघ्यांचं काहीतरी असणार. मला सांगत नाहीत. म्हटलं, "हो, त्यांचं वेगळं असतं."

"तुमच्या घरात दुखणं फार दिसतंय," तो म्हणाला आणि मग जीभ चावली. मला राग नाही आला. खरंच होतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या लसीकरणासाठी बाहेरगावी आहेत. चालते कशी विचारलं. मी इतकं सांगितलं की मलाच दम लागला. त्या म्हणाल्या, "छान. पुडी अर्धीवर आणली ना?"

"आणतेय."

"आणतेय नव्हे, आणा. आजच. बरं, खाणं? लीद?"

म्हटलं, दाणा अर्धा टाकते, पण गवत खाते. लीद थोडी पातळ आहे, कोवळं गवत निघालंय म्हणून असेल.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन."

वेगळं म्हणजे काय ते विचारायला हवं होतं. मला सगळंच वेगळं वाटतंय, आणि सगळं चांगलंच.

बाबांचा कोट धुवायला घेतला तर खिसा आतून चिकट. मध. म्हणाले, खोकल्यासाठी ठेवतो. खोकताना तर ऐकलं नाही कधी. पण म्हाताऱ्या माणसाला गोड खावंसं वाटलं तर मी कोण विचारणार!

२२ मार्च, रविवार

आज ओंडका ओढला!!

छोटाच. जळणाचा, मी एकटी उचलू शकते असा. पण साखळीला बांधला, टक् टक् केलं, आणि मावशीने मान खाली घालून तो अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. जमिनीत सरळ रेघ उमटली. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रेघेकडे बघत उभी राहिले. हे रोज अशा रेघा मारत असतील डोंगरभर, आणि घरी येऊन फक्त "झालं आज" म्हणत. मी "बरं" म्हणायची. आमचं लग्न तसंच होतं, कमी शब्दांचं. वाईट नव्हतं.

आणखी एक. मावशी अंगाने भरली! महिनाभर फासळ्या मोजता येत होत्या, आता पोटाखाली छान गुबगुबीत झालं आहे. पाणीही भरपूर पिते. दोन बादल्यांच्या जागी चार.

संध्याकाळी पाय हाताला कोमट लागला. काम केल्यामुळे असेल. गार पाणी सोडलं आणि अर्धी पुडी जास्त दिली. डॉक्टरीणबाईंना हे आवडणार नाही. पण दुखतंय म्हणून तिने रात्रभर तळमळावं का? ते मला बघवणार नाही. ती बोलू शकत नाही. बोलू शकणारी माणसंसुद्धा वेळेवर बोलत नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी दाण्याला तोंड लावलं नाही. गाजरातली पुडी मात्र हाताने भरवली. दोनदा बसली, दोनदा उठली, मान वळवून कुशीकडे बघत होती. विश्रांती शिकली म्हणायची.

दुपारी बाबा तबेल्यातून येताना म्हणाले, "सूनबाई, ती तुला बरी वाटते का?"

म्हटलं, "चालते तर छान."

"हां. चालते छान." आणि आत गेले. दोन महिन्यांत एवढं लांब बोलणं पहिलंच.

शनिवारला चार दिवस.

२६ मार्च, गुरुवार

सगळं आठवेल तसं लिहिते.

सकाळी तबेल्यात गेले तर मावशी कोपऱ्यात, मान खाली, अंगावर घाम. मागचे पाय, शेपटी, भिंत, सगळं पाण्यासारख्या लिदीने भरलेलं. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. ओठ वर वळवलेला होता. हसत नव्हती. मी जवळून पाहिलं. ते हसणं कधीच नव्हतं.

डॉक्टरीणबाई कालच परतल्या होत्या, नशीब. मोटारसायकलवरून आल्या, हेल्मेटही न काढता तबेल्यात शिरल्या. हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून ऐकलं. मग पोटाखालच्या गुबगुबीत भागावर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा.

"हे काय आहे माहीत आहे?"

"मला वाटलं, अंग धरलं."

"पाणी आहे हे. रक्तातलं सत्त्व आतड्यातून गळतंय म्हणून पाणी खाली उतरलंय. कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. ओठ, दात घासणं, चार बादल्या, पातळ लीद. माझी लाज मलाच ऐकू येत होती. त्या ऐकत सुया भरत होत्या.

"तुम्ही पाणी तपासता ना ऑफिसात?" त्या म्हणाल्या. "विहीर हिरवी दिसली तर वा काय सुंदर रंग, असं लिहून देता का?"

"नाही."

"मग? बरं, ते राहू द्या. पुडी किती देताय?"

"एक. अर्धी करायची होती, केली नाही. आणि रविवारपासून संध्याकाळी अर्धी जास्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चूक आहे. पण एवढ्या धिप्पाड जनावराचं एवढ्याने असं व्हायला नको. अजून कोण देतं?"

"कोणी नाही."

बाबा दारात उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. मावशीने इतक्या वेळात पहिल्यांदा मान उचलली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थेट बाबांच्या कोटाच्या खिशात नाक घातलं.

बाबांनी खिशातून कागद काढला. मधाने माखलेला. त्याला पांढरी पावडर लागलेली.

"मी देतो," ते म्हणाले. "दुपारी. एक."

डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट काढलं आणि ते गवताच्या भाऱ्यावर ठेवलं.

"मला वाटलं, सूनबाई सांगितल्याप्रमाणे अर्धीवर आली असेल," बाबा म्हणाले. "तिचं सगळं मापात असतं. आणि ही तर दुपारी पाय उचलून धरायची. खिडकीतून दिसायचं. मला ते..."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुमचे गुडघे."

"गुडघे ठीक आहेत माझे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांची माया वेगवेगळी, पोट मात्र हिचं एकच." ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग कामाला लागलो. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या आहेत, पुड्यांनी. आजपासून पुडी पूर्ण बंद. सलाईन आणि रक्तद्रवाच्या पिशव्या लावल्या. तबेल्याच्या वाशाला खिळा नव्हता, म्हणून बाबांनी पिशवी हातात उंच धरली. मी म्हटलं, द्या, मी धरते. म्हणाले, "नको." दुपारपर्यंत धरून होते. एक हात दुखला की दुसरा. मी मावशीची मान धरून खाली. पिशवीतला थेंब पडताना बघत होतो दोघं. असं वाटत होतं, जणू मीच उतारावर ओंडका धरून उभी आहे.

जगेल का, विचारलं. "दोन दिवस गेले तर बोलू," त्या म्हणाल्या.

२७ मार्च, शुक्रवार

आहे. उभी आहे!

रक्ताचा निकाल आला. वाईट, पण हाताबाहेर नाही. आता आतड्याला काम कमी द्यायचं. लांब गवत बंद, ते जखमांवरून खरवडत जातं. त्याऐवजी भिजवून मऊ केलेला गोळीदाणा, मूठ मूठ, दिवसभर. त्यात इसबगोल आणि जवसाचं तेल. जखमांवर लेप बसेल असं एक औषध. आणि पायाला काहीच नाही, फक्त गार पाणी आणि पट्टी.

मी म्हटलं, "पण दुखेल की."

"दुखेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखतं म्हणून ती पाय जपेल. तुम्ही दुखणं झाकलंत आणि तिला ओंडका ओढायला लावलात. बिचारीला वाटलं, आपला पाय बरा झाला."

मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण मावशीने मूठभर दाणा खाल्ला आणि अजून मागितला, आणि मी तबेल्यात एकटीच नाचले. एकटी नव्हते. बाबा बादली घेऊन मागे होते. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

२८ मार्च, शनिवार

मुकादम आले, ठरल्याप्रमाणे. नवा शर्ट घालून.

मावशी तबेल्याच्या दारात उभी होती, डावा पाय उचलून. पुड्यांचा अंमल उतरला आहे. मला एक क्षण वाटलं, म्हणावं की आज जरा बरं नाही, पुढच्या आठवड्यात या. आणि मग ते आले की त्या दिवशी एकच पुडी, फक्त एक. इतकं स्पष्ट मनात आलं. लिहून ठेवते.

म्हटलं, "ती लंगडते आहे. पोटही गेलंय, आमच्यामुळे. या हंगामात नाही जमणार."

मुकादमांनी टोपी काढली. "पुढच्या?"

"माहीत नाही."

बाबा खिडकीतून म्हणाले, "विचारायला या पुढच्या वर्षी. जिवंत असू आम्ही तिघं."

मुकादम हसले, मग मीही. दुसऱ्या घोडेवाल्याला काम देतील. मावशीच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, आमच्यावर नाही डाफरलीस आज?" आणि गेले.

उतार गेला. मी कुंपणाशी उभी राहून वाट बघत होते की आता रडू येईल. नाही आलं. मूठभर दाण्याची वेळ झाली होती.

२ एप्रिल, गुरुवार

लिहायला वेळ नाही, इतकी धावपळ! दाणा, पाणी, तेल, औषध, पायावर धार, लीद बघणे. लीद बघणे हे आता आमच्या घरातलं मुख्य काम आहे. पातळ. कमी पातळ. पुन्हा पातळ. बाबा आणि मी फावड्यावर वाकून चर्चा करतो. काल आमचं चक्क भांडण झालं.

"हे कालच्यापेक्षा घट्ट आहे," मी म्हटलं.

"डोळे तपासून घे, सूनबाई. पाणी आहे नुसतं."

"पाण्यातलं मला कळतं, बाबा. मी तीच नोकरी करते."

"मग तुझ्या ऑफिसात ने एक बाटली!"

शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, जेवायच्या वेळी तरी विषय बदला!"

दुपारी ती खूप लंगडते. बघवत नाही. बाबा खिडकी सोडून तबेल्यात येतात आणि आम्ही दोघं बघत बसतो. एकट्याने बघण्यापेक्षा बरं पडतं. आज त्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. मी पाहिलं. त्यांनी माझं पाहिलेलं पाहिलं. हात बाहेर काढला, रिकामा, आणि दोन्ही बाजूंनी उलटून दाखवला, जादूगारासारखा. मी हसले. मग फावडं भिंतीला टेकवून ते म्हणाले, "त्याला छातीत आधीही दुखायचं. गेल्या उन्हाळ्यात मला म्हणाला होता. सूनबाईला सांगू नका, घाबरेल, म्हणाला."

मी म्हटलं, "मला म्हणाले होते, बाबांना सांगू नकोस."

मावशी दात न घासता उभी होती. एवढं मी पाहिलं.

८ एप्रिल, बुधवार

बांधून पडली!!!

सकाळी चहा ठेवून तबेल्यात गेले. कोपऱ्यात, स्वच्छ पेंढ्यावर, गोल, घट्ट, एकावर एक. वाफ येत होती. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिलेली नाही, आणि हे वाचून कुणाला हसायचं असेल तर हसू दे. पोटाखाली बोट दाबलं. खळगा राहिला नाही. पुन्हा दाबलं. नाही राहिला! मावशीने वळून कान मागे टाकले आणि माझ्यावर डाफरली. ती माझ्यावर डाफरली!

मी तशीच, एक चप्पल पायात आणि एक तबेल्यात, ओरडत घरात पळाले, "बाबा! बाबा! झाली!"

शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून कुंपणाशी धावत आल्या. "काय झालं हो? कुणाला झालं? मुलगा की मुलगी?"

"लीद!" बाबा खिडकीतून ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता. "लीद झाली!"

मग ते बाहेर आले. कोट नाही, नुसत्या बनियनवर. तबेल्यात आलो, फावड्याने एक गोळा उचलून उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी तपासला. बाबा म्हणाले, "आता हे घट्ट आहे. हे मी मान्य करतो." आणि हसायला लागले. मीही. हसता हसता त्यांनी वाशाला हात टेकला, आणि मग ते हसत नव्हते. मीही नव्हते. फावडं माझ्या हातात तसंच होतं. मावशी मधे उभी होती, तिच्या मानेवर एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. तिला काय वाटलं असेल! दाण्याची वेळ झाली होती आणि दोघंही कामाचे नव्हते.

चहा उतू गेला होता. दुसरा ठेवला. बाबा खोलीकडे निघाले होते, मग वळले आणि ओट्याजवळचं स्टूल ओढून बसले. मीही बसले. उकडलेली अंडी आणि ब्रेड. ते म्हणाले, "तो लहानपणी अंड्यातलं पिवळं काढून मांजराला द्यायचा, आणि मला सांगायचा मीच खाल्लं." मी म्हटलं, "मोठेपणीही." ते खूप वेळ सांगत राहिले. मी ऐकत राहिले, आणि मधेमधे माझंही सांगितलं.

१२ एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. रक्त सुधारतंय. आतडं भरून यायला आणखी काही महिने, पाय कधी ते सांगता येत नाही. काम करेल की नाही, तेही नाही. लांब गवत अजून नको. पुडी कधीच नको. "आणि समजा वाटलंच काही द्यावंसं?" त्या निघताना म्हणाल्या. बाबा आणि मी एकदम म्हणालो, "आधी तुम्हाला फोन." त्या म्हणाल्या, "त्याआधी एकमेकांना हाक."

उद्यापासून मी ऑफिसला. सकाळचा दाणा मी, दुपारचे बाबा, संध्याकाळी दोघं.

आज टक् टक् करून तिला अंगणातून रस्त्यापर्यंत नेली. ओंडका नाही, लगाम नाही, नुसता दोर. लंगडते. सावकाश जाते, मधे थांबते, मग आम्हीही थांबतो. वळणापासून वरचा उतार दिसतो. झाडं पडल्याचा आवाज येत होता. दुसऱ्याचा घोडा काम करतोय. मावशीने कान टवकारले, बराच वेळ ऐकलं. बाबांनी तिला चल म्हटलं नाही, मीही नाही. तिचं ऐकून झालं आणि ती आपणहून वळली.

घरी आल्यावर तिने बाबांच्या खिशात नाक घातलं. मध असतो त्यात अजून. नुसता मध. डॉक्टरीणबाईंना विचारलंय.